बाळावरचं ऊन

निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, मी तैलरंग शिकायला लागलो. शिकवणारे सर म्हणजे सोलापुरातल्याच एका शाळेतले जुने चित्रकलेचे मास्तर. आमच्या गल्लीत गच्चीवरच्या खोलीत वर्ग घ्यायचे. पहिलं चित्र नक्कलच करायचं, हा त्यांचा नियम. छापील चित्रावर चौकोन आखायचे, तेवढेच कॅनव्हासवर आखायचे आणि एकेक चौकोन जसाच्या तसा उतरवायचा. "स्वतःची अक्कल पाजळायची नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. जन्मभर कचेरीत वरिष्ठांचं ऐकलेलं, मला त्यात अवघड काही वाटलं नाही.

माझ्या वाट्याला एक जुनं विलायती चित्र आलं. कापणीचं शेत, सोनेरी ऊन, गवताच्या गंजीला टेकून बसलेल्या गुबगुबीत बायका आणि पुढ्यात फडक्यावर झोपलेलं बाळ. त्या बाळाच्या गालावरच्या उन्हानं माझा जीव खाल्ला. ब्रश पुसायला टॉवेलच्या कारखान्यातून आणलेल्या चिंध्या संपल्या, तरी ते साधेना. एकदाचं साधलं तेव्हा सर म्हणाले, "जमलं." हा शब्द त्यांच्या तोंडून सहसा निघत नसे, त्यामुळे मी हवेतच घरी आलो.

चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. आई तेव्हा माझ्याकडेच असायची. मोहोळकडच्या गावात लोकांच्या रानात राबून तिनं आम्हाला वाढवलेलं. ती चित्रापुढं बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"ऐन सुगीत बायका बसून राहिल्यात व्हय?" ती म्हणाली. मी हसलो.

"आन् त्या लेकराला उनात का ठिवलंय रं?"

"चित्र आहे ते, आई."

"व्हय की. पर ऊन लागतंय त्येला. सावली कर जरा."

माझ्याआधी आईला एक मुलगी होऊन गेली होती, एवढंच मला ठाऊक होतं. पुढचं त्या दिवशी कळलं. ज्वारीची काढणी चालली होती आणि त्या रानात झोळी बांधायला झाडच नव्हतं. आईनं पोरीला कडब्याच्या पेंढ्यांच्या सावलीला निजवलं. आपली पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, मागं पडू नये म्हणून ती ज्वारी उपटत पुढं पुढं गेली. सावली सरकली.

"मी वळून बघितलंच न्हाय," आई चित्राकडं बघतच म्हणाली. तिसऱ्या दिवशी पोर तापानं गेली.

मी म्हणालो, "रंग ओला आहे गं. वाळला की करतो सावली."

तैलरंग वाळायला वेळ लागतो हे खरंच आहे. पण विद्यार्थ्यांचं प्रदर्शन जवळ आलं होतं, सर माझं चित्र मांडणार होते आणि मला ते "जमलं" चार लोकांकडून ऐकायचं होतं. आई अधूनमधून विचारायची, "वाळला का रं?" मी नाही म्हणायचो. खरं तर तो केव्हाच वाळला होता. तिनं बोट लावलं असतं तरी तिला कळलं असतं, पण चित्र खराब होईल म्हणून ती पदरही आवरून बसायची.

आई गेली तेव्हा चित्र प्रदर्शनात टांगलेलं होतं. लोक त्या उन्हाचंच कौतुक करत होते म्हणे.

तेरावा झाल्यावर मी चित्र घरी आणलं आणि एका दुपारी बाळावर सावली घातली. गालावरचं ऊन गेलं, फडक्यावरचंही गेलं. सर भेटायला आले तेव्हा चित्रापुढं थबकले.

"ही सावली कशाची? झाड कुठंय?"

"झाड नव्हतं, सर."

"मग बिघडवलंत की चित्र."

मी हो म्हणालो. ती सावली बाळाला पुरते का, एवढंच मला विचारायचं होतं. ते सांगणारी एकच बाई होती आणि तिला मी रंग ओला आहे म्हणून थांबवून ठेवलं.