धुतलेलं मेंढरू आणि आमचा कॉम्प्युटर

दौंडच्या आमच्या गल्लीत कॉम्प्युटरमधलं कळणारा एकच माणूस राहतो आणि तो मी, ही अफवा मीच पसरवली होती.

तिला आधार एवढाच, की कुरकुंभच्या कंपनीतली पहिली शिफ्ट सुटल्यावर स्टेशनजवळच्या क्लासला तीन महिने जाऊन मी एक सर्टिफिकेट मिळवलं होतं. ते फ्रेम करून कॉम्प्युटरच्या वर टांगलं होतं. (माझी बायको सुनंदा म्हणायची, खाली कॉम्प्युटर नसता तरी मी ते टांगलं असतं.)

त्या कॉम्प्युटरमध्ये मोलाचं असं एकच होतं, आईचा फोटो. धाकट्या बहिणीच्या लग्नात शिरूरच्या फोटोग्राफरनं काढलेला. कॅमेरा दिसला की आई खांबासारखी ताठ व्हायची. पण त्या दिवशी भर मांडवात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फेटा सुटून गळ्यात आला, आणि पदर तोंडाला लावून हसताना ती सापडली. पुढच्याच वर्षी ती गेली. फोटोंच्या सीडीचा आमच्या लेकीनं बाहुलीसाठी ताट म्हणून वापर केला आणि जेवण झाल्यावर ते ताट राख लावून घासलं. त्यामुळं फोटो उरला तो फक्त कॉम्प्युटरमध्ये.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आबा केंदूरहून यायचे, शिरूरला एसटी बदलून. पिशवीत मेथी नाहीतर कांदे. चहा झाला की म्हणायचे, "लाव बरं ते." मी फोटो लावून शेजारी बसायचो. आबा बघत राहायचे आणि दर वेळी तेच सांगायचे, "माझा फेटा सुटला व्हता तवा." मग फेट्याची गोष्ट पहिल्यापासून. एक तास कुठं जायचा कळायचं नाही.

तर अशाच एका पहिल्या रविवारच्या अलीकडच्या बुधवारी, कंपनीतल्या मित्रानं मला पेन ड्राइव्हवर मासे दिले. म्हणजे स्क्रीनवर पोहणारे मासे, आणि तेही फुकट! मी घरी येऊन बूटही न काढता ते टाकले. मासे दोन मिनिटं छान पोहले. मग फोटोंचं फोल्डर नाहीसं झालं. त्या जागी त्याच नावाचं दुसरंच काहीतरी येऊन बसलं, आणि ते उघडायला गेलं की कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत चालू व्हायचा.

"काय झालं?" सुनंदानं आतून विचारलं.

"ट्रोजन आहे," मी क्लासमधल्या आवाजात म्हणालो. "चांगल्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन येतो आणि आतून दाराची कडी काढतो."

"आणि त्याला घरात कुणी घेतलं?"

मी सर्टिफिकेटकडं बघितलं.

"आईंचा फोटो आहे ना?"

"दिसत नाही."

सुनंदा गॅस बंद करून बाहेर आली. "रविवारी आबा येणारेत," एवढंच म्हणाली.

गुरुवारी मी अँटिव्हायरसची सीडी आणून कॉम्प्युटर धुतला. ट्रोजन गेला. खात्री करावी म्हणून तोच पेन ड्राइव्ह लावला. ट्रोजन आला. मग पेन ड्राइव्ह धुवायला शेजारच्यांकडं नेला, तिथं तो साफ झाला, पण घरचा कॉम्प्युटर घाणच होता, त्यात साफ पेन ड्राइव्ह लावला. शुक्रवारी परत तेच. शनिवारी शेजाऱ्यांचाही कॉम्प्युटर आपोआप बंद व्हायला लागला, आणि मी त्यांच्याकडं जायचं बंद केलं.

रविवारी आबा आले. चहा झाला.

"लाव बरं ते."

"आबा, लाईट गेलीय."

आबांनी डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी लहानपणी खोटं बोललो की असंच बघायचे. मी सगळं सांगून टाकलं.

आबांनी उभा जन्म मेंढरांमागं काढलेला. आता शेती असली तरी पंधरावीस मेंढरं दारात आहेतच. त्यांनी पेन ड्राइव्ह हातात घेऊन उलटासुलटा केला.

"ह्यो कुठनं आणला?"

"मित्रानं दिला."

"मंग आल्याआल्या कळपात सोडलास?"

"आबा, हे यंत्र आहे."

"आसंल. बाजारातनं मेंढरू आणलं तर आपुन काय करतो?"

"दहा दिवस वेगळं बांधतो."

"का?"

"खरूज आहे का, खोकतंय का, बघायला."

"आन् कळपात खरूज शिरलीच तर?"

"औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचं. सगळ्यांना."

"आन् वाडगं?"

जिथं मेंढरं कोंडतात ते वाडगंही बदलावं लागतं, हे मला पाचवीत असल्यापासून माहीत होतं.

"तीन दिस तू धुतलेलं मेंढरू परत त्याच वाडग्यात कोंडतोयस," आबा म्हणाले. "उचल ते खोकं. ज्याला कळतंय त्याच्याकडं चल."

ज्याला कळतंय! माझ्याच घरात, माझ्याच सर्टिफिकेटखाली!

कॉम्प्युटरचं खोकं घोंगडीत गुंडाळून, ते मांडीवर घेऊन आबा माझ्या स्कूटरवर बसले आणि आम्ही क्लासला गेलो. मॅडम रविवारची बॅच घेत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"फोटो गेलेले नाहीत, लपवलेत फक्त," त्या म्हणाल्या. "पण मशीन आणि पेन ड्राइव्ह एकदमच साफ करायचे असतात. तिसऱ्या दिवशी शिकवलं होतं मी."

"म्या तर लहानपणीच शिकवलं व्हतं," आबा म्हणाले.

"सर्टिफिकेट आहे ना अजून?" मॅडमनी मला विचारलं. "परत आणून द्या."

त्यांनी फोटो शोधून सीडीवर घेतले, बाकी सगळं पुसून नव्यानं भरलं. दुपारी घरी येऊन मी सीडी लावली. आई हसत होती. आबांनी डोळे पुसले, मग फेट्याची गोष्ट सांगितली.

मला आता जोर आला होता. "आबा, ह्याचा मोठा प्रिंट काढून देतो. केंदूरला भिंतीवर लावा. उगाच दोन एसट्या करत यायला नको."

आबांनी बंडीच्या आतल्या खिशातून दुधाची रिकामी पिशवी काढली. तिच्यात फोटो होता. तोच, कडा झिजलेला.

"हा कुठून आला?"

"लग्नातच दिलता फोटोवाल्यानं."

"मग दर महिन्याला एवढ्या लांब..."

"तू तासभर शेजारी बसतोस," आबा म्हणाले. "गावाला आलास की चपला काढायच्या आत तुला शिफ्ट आठवती."

मला भरून आलं आणि लाजही वाटली. आई गेल्यापासून मी केंदूरला किती वेळा गेलो ते मोजायला एका हाताची बोटं पुरली असती.

त्या महिन्यापासून तिसरा रविवार केंदूरचा ठरला. पहिल्याच खेपेला मी थेट मेंढरांकडं निघालो, तर आबांनी दारातच अडवलं.

"कंपनीतनं आलायस. पाय धू, आन् जरा येगळा बस."

पाय धुऊन मी मुकाट्यानं कोपऱ्यात जाऊन बसलो. तिथं बाजारातून आणलेलं एक कोकरू आधीच बांधलेलं होतं. त्याचे दहा दिवस भरले होते, ते माझ्याआधी सुटलं.