पट्टेवाला आणि साधा

त्या आठवड्यात माझ्या पँटच्या खिशात दोन काडतुसं होती आणि मला एका जागी बसवत नव्हतं. तसं मला एरवीही बसवत नाही. याच्या पायाला भिंगरी आहे, असं आई लहानपणापासून सांगत आली. पण त्या आठवड्यात कचेरीतल्या हेडक्लार्कनेही विचारलं, की पोटबिट बिघडलंय का. काडतुसं मेलेली होती. आतली दारू काढून टोकाला गोळी तेवढी परत बसवलेली, नमुन्याची. तरी मी दर दहा मिनिटांनी खिशात हात घालून ती आहेत ना ते बघत होतो.

दोन्ही तीस बोअरची. गोळीला गोळी लावून पाहिली तर जाडीत काही फरक नाही. फरक खालच्या पितळी नळकांड्यात. एकाचं बेताचं, दुसऱ्याचं लांब आणि जास्त दारू मावणारं. शिवाय त्या लांबड्याच्या बुडाशी पितळेचाच एक उंचवटा, कमरेला पट्टा बांधावा तसा. हे मॅग्नम. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव पट्टेवाला ठेवलं आणि दुसऱ्याचं साधा. आमच्या कचेरीत पट्टेवाला म्हणजे दाराशी स्टुलावर बसून पेंगणारा गृहस्थ. त्यामुळे मला ते नाव ऐकलं की हसू यायचं. बाबा हसत नसत.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या दोनतीन वर्षांतली. मी रत्नागिरीत कारकून होतो, खोली घेऊन राहायचो आणि शनिवारच्या एसटीने गावी जायचो. बाबा फौजेतून सुभेदार होऊन परत आले होते. पलटणीत त्यांनी बरीच वर्षं नव्या पोरांना रायफल शिकवली. गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे, सगळे सुभेदारच म्हणत. आमच्याकडे भात पोटरीला आलं की डुकरं उतरतात. एका रात्रीत भाताचे चार कुणगे, म्हणजे बांधांमधले तुकडे, लोळवून जातात. ठासणीच्या बंदुका होत्या, पण त्यांच्यावर कोणाचा भरवसा नव्हता. वाडीने बाबांना गळ घातली. बाबांनी शेतसंरक्षणासाठी अर्ज केला, डुकरांपुरती परवानगी काढली, आणि वर्षभर खेटे घातल्यावर रायफलीचा परवाना हातात आला.

रायफल मिळणार होती ती भाट्याच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त मेजरसाहेबांकडून. ते लेकीकडे कायमचे जायला निघाले होते. त्यांच्याकडे दोन होत्या, एक साध्या काडतुसाची, एक मॅग्नमची. सुभेदार, यातली कुठलीही घ्या, पण रविवारपर्यंत ठरवा, असं ते म्हणाले. काडतुसांचे नमुने दिले आणि कसला तरी जुना तक्ता दिला. तो तक्ता वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात इंग्रजी वाचणारा मीच.

मी तो इतक्यांदा वाचला, की घड्यांवर फाटला. मॅग्नमची गोळी जास्त वेगाने जाते, लांबवर सपाट जाते, लांबच्या मोठ्या जनावराला उपयोगी. बदल्यात आवाज मोठा, नळी लांब, आणि खांद्याला धक्का जबर. आता आमच्या मळ्यात लांब म्हणजे किती? राखणीसाठी बांधलेल्या माळ्यावरून पऱ्ह्यापर्यंत साठ पावलं. पऱ्ह्या म्हणजे आमचा ओढा. त्याच्या पलीकडे उताराचं वरकस रान, आणि त्या उतारावर शेजारची काकी दिवस मावळेपर्यंत गवत कापत असायची. मधे कातळ उघडा पडलेला. कातळावरून गोळी घसरली तर कुठे जाईल, हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नव्हतं. साध्याची गोळीही काही पऱ्ह्याशी थांबणार नव्हती, हे मला कळत होतं. पण साठ पावलांवरच्या डुकराला जे साध्याने होतं त्यासाठी पट्टेवाला कशाला?

हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, डुक्कर जखमी होऊन रानात गेलं तर दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी पोटात सुळा घालतं, त्यापेक्षा जागच्या जागी पडलेलं बरं. त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण मला खात्री होती, की खरं कारण ते नाही.

माझ्या या खात्रीला आधार होता. आदल्या वर्षी बाबांनी पलीकडच्या वाडीतल्या एकाची बारा बोअरची बंदूक घेऊन वीस पावलांवरचं डुक्कर चुकवलं होतं. काडतूस सादळलं होतं, असं ते सगळ्यांना सांगत राहिले. मी त्यांच्या मागेच बसलो होतो. बार सुटण्याआधी त्यांचे डोळे मिटले आणि नळी खाली गेली, हे मी पाहिलं होतं. कोणाला बोललो मात्र नाही. आईलासुद्धा नाही. ज्या माणसाने शेकडो पोरांना श्वास सोडून घोडा दाबायला शिकवलं, त्याचाच हात दचकतो, हे बोलायला जीभ रेटेना. आणि आता त्याच हातात मॅग्नम येणार होती. पऱ्ह्यापलीकडे काकी. मला झोप लागेना ती याच्यामुळे.

रविवारी सकाळी मेजरसाहेब जीपमधून दोन्ही रायफली घेऊन आले. आम्ही गावाच्या वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, चिऱ्याच्या जुन्या खाणीत गेलो. तीन बाजूंनी जांभ्याची उभी भिंत, त्यामुळे गोळी बाहेर जायची भीती नाही. भिंतीपाशी मातीचा ढीग केला, त्याच्यापुढे एक चिरा उभा केला आणि बाबा पन्नास पावलांवर घोंगडी पसरून पालथे पडले. साहेब जीपच्या सावलीत चहा ओतत होते. काडतूस भरायचं काम माझ्याकडे. मॅगझिन रिकामं, एकेक काडतूस थेट नळीत, बोल्ट लावायचा आणि रायफल बाबांच्या हातात द्यायची.

पट्टेवाल्याचा पहिला बार झाला तेव्हा खाणीतली कबुतरं उडाली आणि माझ्या कानात शिट्टी वाजत राहिली. चिऱ्याचा कोपरा उडाला. दुसरी गोळी चिऱ्याच्या खाली ढिगात गेली. साहेब म्हणाले, सवय होईल सुभेदार, हिला सगळेच बिचकतात. बाबा खूश दिसले.

आणि इथे मी ते केलं. रिकामी नळकांडी माझ्या पुढ्यात पडली होती. बाबांनीच मला कधीतरी मोठ्या रंगात सांगितलं होतं, की रंगरूट दचकतो का ते कसं ओळखायचं: त्याच्या नकळत रिकामं काडतूस भरायचं. आवाज होत नाही, धक्का बसत नाही, आणि तरी नळी हलली तर ती त्याच्या भीतीने हलली. लपवायला काही उरत नाही. मी खाली वाकलो, आधीचं रिकामं उचललं, आत सारलं आणि बोल्ट लावला.

खट्ट झालं. नळी वीतभर खाली आणि डावीकडे गेली.

बाबा उठले नाहीत. वळूनही बघितलं नाही. नुसता हात मागे करून म्हणाले, साधा दे. मी साध्याचं एक खरं भरलं, ते चिऱ्याच्या बुडाला लागलं. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मला ठरवायचं होतं, दोष पट्टेवाल्याचा की आणखी कशाचा. मी साध्यातही रिकामं घातलं. पुन्हा खट्ट, आणि पुन्हा नळी तशीच गेली. या वेळी मला माझीच शिसारी आली.

साहेबांना काय दिसलं कोण जाणे. ते चहाचे पेले पुसत राहिले. बाबा उठले, घोंगडी झटकली, आणि साहेबांना म्हणाले की साधीच घेतो, तिची काडतुसं इकडे मिळतील. साहेबांनी मान डोलावली.

घरी येताना सड्यावरून चालत आलो. मी पुढे, ते मागे. मला पळत सुटावंसं वाटत होतं. करवंदीच्या जाळीपाशी ते थांबले, म्हणून मीही थांबलो.

"हात दचकतो त्ये माला ठावं हुतं," ते म्हणाले. "चार वर्सं झाली. फौजेतनं सुटायच्या आधीपास्नं."

मी विचारलं, मग पट्टेवाला कशाला हवा होता?

"त्येनं सगळ्यांचाच खांदा हलतो. माजा हलला तर कोन बघतंय?"

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. इतके दिवस तक्ता घेऊन मी वेग आणि पल्ला मोजत बसलो होतो, आणि त्यांना त्या लांबड्या काडतुसातून फक्त एक सबब हवी होती. साध्या काडतुसात ती मिळत नाही. मला फार वाईट वाटलं. माफी मागावी असंही वाटलं, पण आमच्या घरात मुलगा बापाची माफी मागतो ती पाणी आणून देऊन. ते मी घरी गेल्यावर दिलं.

पुढच्या रविवारी बाबांनी स्वतःच मला खाणीत नेलं. नवी साधी रायफल, पिशवीत बरीचशी रिकामी आणि थोडी खरी. म्हणाले, तू भर, मी बघणार नाही, विचारणार नाही. मग तेच चालू झालं. शनिवारी एसटी, रविवारी खाण. ते पालथे पडत, मी कधी रिकामं घालत असे, कधी खरं. पहिल्या दिवशी दर वेळी नळी हलली. मी खाणीत येरझाऱ्या घालायचो, नखं कुरतडायचो आणि वर शिकवायचोही, श्वास सोडा बाबा, घोडा खेचू नका, दाबा. जे त्यांनी जन्मभर शिकवलं तेच मी त्यांना ऐकवत होतो आणि ते होय म्हणत होते. गणपती येऊन गेले. पितृपक्षात एका रविवारी लागोपाठ सात वेळा नळी हलली नाही, त्यातली दोन खरी होती आणि दोन्ही चिऱ्याच्या मध्यावर. बाबांनी घोंगडीवर पडल्यापडल्याच तंबाखू मळली. मला वाटलं, झालं, आता सुटलो.

भात पिवळं पडायला लागल्यावर मी रजा काढून गावी गेलो. डुकरं दिवस मावळायच्या सुमाराला पऱ्ह्याच्या वळणावर उतरत होती. आम्ही चार वाजताच माळ्यावर जाऊन बसलो. ठरल्याप्रमाणे भरायचं काम माझं. पलीकडच्या उतारावर काकीचं लाल लुगडं मला दिसत होतं, मग झाडाआड गेलं. मग पुन्हा दिसलं. मग दिसेना. ती घरी गेली की खाली वाकलीय, ते कळेना. हाक मारली तर जनावर बिथरणार. मी दोनदा उठलो, दोनदा बाबांनी नजरेने खाली बसवलं. उजेड जायला अजून अवकाश होता.

पऱ्ह्याच्या काठचं गवत हललं. बाबांनी न बघता हात मागे केला. माझ्या एका मुठीत खरं होतं आणि एका मुठीत रिकामं. रिकामं मी पिशवीतून का काढलं होतं, ते मला आजही धड सांगता येत नाही. सात वेळा न हललेली नळी मी स्वतः पाहिली होती. तरी मी रिकामं भरलं आणि रायफल त्यांच्या हातात दिली.

मोठं सुळेवालं डुक्कर अंगाची बाजू आमच्याकडे करून कुणग्यात उभं राहिलं. त्याच्या मागे कातळ नव्हता, मातीचा बांध होता, छातीइतका. बाबांनी श्वास सोडला. खट्ट.

नळी केसभरही हलली नाही. डुकराने मान वर केली आणि भातातून वाट पाडत पलीकडे निघून गेलं.

बाबांनी बोल्ट मागे ओढला, रिकामं नळकांडं तळहातावर घेतलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हालली काय?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"काकी कवाच गेली. भारा डोक्यावर घेऊन खाली उतारली, मी बगितली."

ते त्यांनी पाहिलं होतं, मी नाही. मी नुसता उठबस करत होतो. त्यांनी ते नळकांडं माझ्या शर्टाच्या खिशात टाकलं, रायफल खांद्याला अडकवली आणि माळ्यावरून सावकाश उतरले. खाली जाऊन वर माझ्याकडे बघत म्हणाले,

"ऐतवारी खानीत तू पड. काडतूस मी भरीन."