चारठाण्याच्या मूर्ती आणि एक खाना

दगडांच्या नोकरीत कसले किस्से, असं लोकांना वाटतं. अहो, या नोकरीत दगड सोडून सगळे बोलतात, मग किस्से साठणार नाहीत तर काय!

निजामाच्या राज्यात मी पुराणवस्तू खात्यात मुन्शी होतो. चारठाण्यात उघड्यावर पडलेल्या मूर्तींना नंबर घालायचा आणि फॉर्म भरायचा. त्यात एक खाना लय जीवघेणा: पूजा चालू आहे का? 'आहे' लिहिलं तर मूर्ती गावात. 'नाही' लिहिलं, की चालली बैलगाडीतून हैदराबादच्या म्युझियमला!

*

हे गावाला कळलं मात्र, दुसऱ्या दिवशी मैलाचा दगडसुद्धा शेंदूर फासून बसला!

आमच्या खात्याच्या साहेबांनी गावच्या पाटलांना विचारलं, "ये कौन से देव?"

पाटलांनी हात जोडले. "चौकशी चालू हाय, हुजूर."

*

साहेब मोठे विद्वान. मूर्तीला कुणी हात लावला की खेकसायचे, आणि स्वतः कोरीव खांबाच्या तुकड्यावर बसून चहा प्यायचे. एकदा मी धीर करून म्हणालो, "हुजूर, आपण नंबर सतरावर बसलाय."

"मालूम है. निगरानी कर रहा हूँ!"

*

आमचा फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून प्रत्येक मूर्तीला दरडावायचा, "हलू नका!" लोक हसले तर म्हणायचा, "हसायलाव काय? ऐकणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलंय."

*

आणि गयाबाई परटीण. तिचा ओढ्यावरचा धुण्याचा दगड आमच्या माणसांनी सहज उलटवला, तर खाली देवी! नाक, बोटं, पैंजण, सगळं शाबूत. साहेब हरखले. "इतना किसने संभाला?"

"मीच की. पालथी व्हती म्हणून टिकली."

साहेबांनी गाडी जुंपायला सांगितली. बाईचा चेहराच उतरला. "सायेब, सासूपासून आमचं पोट ह्याच दगडावर हाय. नका नेऊ."

मी फॉर्म काढला. खाना तर भरायलाच हवा. विचारलं, "गयाबाई, पूजा चालू आहे का?"

आता सारं गाव खोटं बोलून मोकळं झालेलं, पण ही बया खरंच बोलणार! "पूजा कशाची? रोज सकाळी पाणी घालते, बस. सणासुदीला जास्ती."

मी लिहिलं: नित्य जलाभिषेक, दोन पिढ्या अखंड. सणाला विशेष.

साहेबांनी वाचलं. माझ्याकडं बघितलं, बाईकडं बघितलं आणि सही केली.

गयाबाईनं पदर खोचला. "झालं ना? मग घाला आता पालथी. पाटलीणबाईचं धुणं पडलंय."