सहा, पण काय?

जामबागेत भांड्यांचं दुकान घालून मला बरीच वर्षं झाली. माल विकला जातो, किस्से मात्र इथेच राहतात. गिऱ्हाईक डबा घेतं, त्यावर नाव घालायला सांगतं, आणि मशीन चालू असेपर्यंत काहीतरी बोलून जातं. शिवाय सकाळचा पेपर एक आणि वाचणारे तिघं! एक मी, दुसरे विद्यानगरहून बसने येणारे, गणित शिकवून रिटायर झालेले कुलकर्णी सर, तिसरे समोरचे घड्याळवाले युसूफभाई. छापलेल्या एकाही ओळीवर तिघांचा विश्वास नाही. तरी रोज वाचतो.

*

एकदा बातमी आली, आमचा रस्ता रुंद होणार! माझं दुकान जेमतेम अकरा फूट खोल. पुढचा भाग गेला तर भांडी काय डोक्यावर ठेवून विकू?

सरांनी बातमीतल्या फोटोवर बोट ठेवलं. "घाबरू नका शेठ. हा आपला रस्ता नाहीच. यात फुटपाथ आहे!"

युसूफभाईंनी चष्मा पुसला. "सेठ, रोड चौड़ा नै होरा, दुकानाँ पतले होरे!"

*

आठवड्याने दोघं जण आले. माझ्या भिंतीवर लाल रंगाने ६ लिहिलं, युसूफभाईंच्या भिंतीवर ४, आणि निघाले.

"कुठून आलात?"

"बडे ऑफिस से."

रंग स्टीलच्या डब्यात होता. डब्यावर कोरलेलं, 'चि. सौ. कां. हिला मामाकडून सप्रेम भेट'. सरकारी रंग आणि आहेराचा डबा? मला तिथेच शंका आली.

*

आणि रस्ता एकच, तर मला सहा आणि युसूफभाईंना चार का?  दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला चहा पाजला. तिसऱ्या दिवशी चहा आणि उस्मानिया बिस्किट. चौथ्या दिवशी पुन्हा! इतक्या वर्षांत या माणसाने सलग दोनदा चहा पाजलेला नव्हता. नक्की कुणाला तरी भेटून आलाय!

शेवटी न राहवून विचारलं, "भाई, चार कैसे कराए?"

ते दचकले. "मैं तो तुमकोच पूछने वाला था! तुम्हारे छे फीट हैं, मेरे चार मीटर! किससे मिले, बोलो ना!"

म्हणजे तोही चहा संशयाचाच होता.

सरांनी दोन्ही भिंती वाचल्या आणि म्हणाले, "एकक लिहिलेलं नाही. मी शून्य मार्क दिले असते."

*

मग सरांनी मोबाईलवरून महापालिकेकडे तक्रार टाकली. 'सहा म्हणजे सहा काय?' दोन दिवसांत उत्तर आलं, 'समस्या सोडवली आहे.' सोबत पांढऱ्या स्वच्छ भिंतीचा फोटो.

मी तो घरी, तारनाक्याला, बायकोला दाखवला. तिने बोटांनी मोठा करून पाहिला. "अहो, ही आपली भिंत नव्हे. हिच्यासमोर रस्ता बघा केवढा रुंद आहे!"

*

गिऱ्हाइकंही पेपर वाचतात. लक्ष्मम्मा दर सणाला काहीतरी नेतात. त्या दिवशी त्यांनी आधी भिंतीवरचे सहा पाहिले, मग हातातलं पातेलं.

"अण्णा, दुकान पडणार म्हणे. मग थोडं कमी करा ना."

"अम्मा, पडणार नाही."

"पडणार नाही? मग आत्ता कशाला घेऊ? दसऱ्याला येते!"

*

आणि अखेर खरा माणूस आला. गळ्यात कार्ड, हातात टेप, मागे दोन मदतनीस. सरांनी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, तेव्हा कुठे त्याला टेप सोडू दिली.

त्याने माझे सहा पाहिले, युसूफभाईंचे चार पाहिले. "ये किसने लिखा? हमारा नहीं है."

मदतनिसाने दोन्ही आकडे खरवडून काढले. आम्ही श्वास सोडला. मग साहेबाने रस्त्याच्या मधोमध खूण केली, इकडे मोजलं, तिकडे मोजलं, आणि किती पाडायचं ते दोन्ही भिंतींवर स्वतःच्या हाताने लिहिलं, '९ फूट'. माझ्याकडेही नऊ, त्यांच्याकडेही नऊ.

युसूफभाई आपल्या भिंतीपाशी गेले, आकडा वाचला. माझ्या भिंतीपाशी आले, आकडा वाचला. त्यांचं दुकान आठ फूट खोल आहे.

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. चेहरा असा खुललेला, की ईदलाही पाहिला नव्हता.

"मुबारक हो सेठ! दोनों का बराबर निकला!"

आणि मी चक्क म्हणालो, "आप को भी!"