काळी पाचचा मुका धैवत

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी मला शिकवायला येणार नाही. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घरात लिंबू-मिरची वरणात पडते, दाराला टांगत नाही. बारशाला कोणी बाळाची दृष्ट काढायला लागलं की मी मुद्दाम पंखा फुल करणारी बाई. आणि तरीही हे लिहितेय... कारण जे झालं ते माझ्यामुळे झालं. असं मला वाटतं. तुम्ही वाचा आणि ठरवा.

मी खामगावची. घरातल्या पुढच्या खोलीत वीस वर्षं पेटीचे क्लास घेते. शमीम माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिचे अब्बा पेट्या दुरुस्त करायचे, सूर लावायचे. आम्ही दोघी एकाच गुरुजींकडे शिकलो. पहिल्या दिवशी गुरुजींनी भूप शिकवला, सा रे ग प ध, बस्स पाचच सूर. तेव्हापासून माझी खोड अशी की कुठलंही वाद्य पुढ्यात आलं की मी आधी भूपच वाजवते, आणि तोही काळी पाचमधून, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी सा धरून. माझा सा तिथे आहे. शमीमचा आवाज मोठा, तिचा सा खाली. कानही तिचाच तेज. गुरुजी हे माझ्यासमोर म्हणायचे, आणि मी हसायचे. आता कळतं की मी हसत नव्हते, दात दाखवत होते.

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडेही पालक विचारायला लागले — "मॅडम, पियानो शिकवता का? ग्रेडच्या परीक्षा असतात म्हणे." कीबोर्ड होता माझ्याकडे. पण मला भूत चढलं ग्रँड पियानोचं. खोलीच्या मधोमध तो ठेवायचा, रस्त्यावरून दिसला पाहिजे. बजेट तुटपुंजं. नवा घेणं स्वप्नातही शक्य नव्हतं, म्हणून पुण्याला एका गोडाउनची माहिती काढली, तिथे परदेशातून आलेले जुने पियानो दुरुस्त करून विकतात. आणि सोबत कोणाला नेलं? शमीमला. तिचे कान फुकट मिळणार होते ना!

रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेलो, सकाळी गोडाउनमध्ये. आमच्या बजेटात बसणारे दोनच ग्रँड होते. एक काळा कुळकुळीत, झाकणात तोंड दिसेल असा, वर सोनेरी अक्षरं. दुसरा तपकिरी, पॉलिश उडालेलं, झाकणावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलेलं, एका कोपऱ्यात सिगारेटचा चटका.

शमीमनं पर्स खाली ठेवली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि सरळ काळ्या पियानोच्या खाली शिरली. गोडाउनचे मालक बघतच राहिले. मग ती तपकिरीच्या खाली शिरली. लाकडावर बोटानं टकटक करून ऐकत होती, अब्बा पेटीचं करायचे तसंच. बाहेर येऊन तिनं दोन्हींची एकेक पट्टी दाबली, अगदी हळू, आणि सूर पूर्ण विझेपर्यंत दाबून धरली. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या... दोनदा. मी दोन चहा प्यायले.

मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुषे, तो भुरा घे. त्याचं पोट साबूत आहे. काळ्याच्या खुंट्या ढिल्या हायेत, तारा धरून नाही ठेवायच्या. आपल्या इकडच्या उन्हाळ्यात तं लाकूड अजून सुकते."

"अगं पण दिसतो कसा तो! लोक काय म्हणतील, भंगारातून उचलला?"

"लोकाईले दाखवाचा हाय का वाजवाचा हाय?"

मला राग आला. खरं सांगते, तिचं बरोबर असणार हे माहीत होतं म्हणूनच आला. मी काळा घेतला. परतीच्या प्रवासात ती फक्त एवढं म्हणाली, "त्या भुऱ्याचा आवाज माह्या कानातून जाऊन नाही राह्यला."

काळा पियानो आला तेव्हा गल्ली गोळा झाली. पेढे वाटले. शमीमनं फुलांचा हार आणला. महिन्याभरात ती माझ्याकडे आली, दारातच उभी राहून चपलेशी चाळा करत विचारते, "सुषे, तो भुरा अजून हाय म्हणे तिथी. अल्फियाची परीक्षा हाय ना... मी घेऊ का? तुले वाईट तं नाही वाटणार?"

अल्फिया तिची पोरगी. मे महिन्यात तिची ग्रेडची परीक्षा होती, आणि बिचारी कीबोर्डवर घोटून घोटून मेटाकुटीला आली होती. कीबोर्डच्या पट्ट्या हलक्या, परीक्षेतल्या पियानोच्या जड; बोटं ऐनवेळी गडबडतात. मी म्हणाले, "घे की! तुला तसाच बरा." हे 'तसाच' कसं म्हटलं ते मलाच माहीत. तिनं बांगड्या मोडल्या आणि भुरा आणला.

इकडे मार्च लागला आणि माझ्या काळ्याचे सूर उतरायला लागले. नागपूरहून ट्यूनरकाका आले, सूर लावून गेले, आठ दिवसांत पुन्हा उतरले. काका परत आले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, खुंट्या धरत नाहीत. हे लाकूडच गेलंय." जे शमीम पोटाखाली शिरून तेव्हाच सांगून बसली होती ते!

पुढच्या गुरुवारी मी पहिल्यांदा तिचा पियानो बघायला गेले. हॉल एवढासा, त्यात पियानोनं अर्धी जागा खाल्लेली, शेपटाशी कूलर. बसले आणि सवयीनं भूप वाजवला, काळी पाचमधून. देवा! गंधार दाबला आणि तो सूर संपेचना. खिडकीबाहेर गेला, रस्त्यावर गेला, असं वाटलं. मनात अगदी या शब्दांत आलं — हा माझा असायला हवा होता. तोंडानं म्हणाले, "किती गोड गं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शमीमचा फोन. "सुषे, एक पट्टी मुकी झाली वं."

गंधार. काळी पाचचा गंधार, म्हणजे पांढरी दोन, मधल्या सप्तकातली.

मी म्हटलं, होतं असं, जुनं वाद्य आहे. पुढच्या गुरुवारी गेले. पुन्हा भूप वाजवला — कसं सांगू, त्या खोलीत गेलं की हात आपोआप जायचे. मुक्या गंधाराची जागा गाळून वाजवलं. त्या दिवशी पंचमानं जीव घेतला माझा. शुक्रवारी पंचम मुका. तिसऱ्या गुरुवारी रिषभ, चौथ्या गुरुवारी षड्ज. पाचव्या गुरुवारी मी ठरवून गेले होते की हात लावायचा नाही. पण अल्फिया वाजवत होती आणि एका जागी तिचा धैवत असा लागला की मी तिथल्या तिथे... जळले. दुसरा शब्द नाही. शुक्रवारी धैवत गेला.

ट्यूनरकाका दोनदा येऊन गेले. मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय ते सांगते. पट्टी दाबली की हातोडी उठायची, तारेवर बसायची, तार थरथरायची. आवाज नाही. काकांनी नखानं तीच तार छेडली तर टणटणीत वाजायची! हातोडी बदलून बघितली, शेजारची चालती हातोडी तिथे लावून बघितली. काही नाही. "पंचेचाळीस वर्षं हे काम करतोय," काका म्हणाले, "पण हे मी बघितलं नाही." त्यांनी पैसेही घेतले नाहीत.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. अल्फिया त्या पाच जागी आली की बोटं अडखळायची. पोरीचं जेवण सुटलं. आणि मी? मी घरी येऊन काळ्यासमोर बसायचे, त्याचे बेसूर ऐकायचे, आणि मनाच्या एका कोपऱ्यात मला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटतेय. पण खोटं लिहायचं तर मग लिहायचंच कशाला?

सहाव्या गुरुवारी शमीमनंच बोलावलं, संध्याकाळी. दार लावून घेतलं. अल्फिया आत अभ्यास करत होती. शमीम पियानोशी उभी राहिली आणि ओळीनं पाच मुक्या पट्ट्या दाबल्या. ठक, ठक, ठक, ठक, ठक. नुसता लाकडाचा आवाज.

"सा रे ग प ध," ती म्हणाली. "काळी पाच. या गावात काळी पाचमधून भूप कोन वाजवते, मले मालूम नाही काय?"

मी म्हटलं, "शमीम, तू पण ना! मी सायन्सची आहे, हे असलं काही..."

"मी तुले भांडाले नाही बलावलं. नजर लागली हाय. जिची लागली तिनंच उतरवली तं लवकर उतरते, माही अम्मी सांगे. तुह्या आईची रीत तुले येते ना? कर मंग."

मला वाटलं ती ओरडली असती तर सोपं झालं असतं. तिनं मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या माझ्या मुठीत दिल्या. त्याच डब्यातल्या मिरच्यांची फोडणी दुपारी दिली तर घरभर खोकत होते, असं अल्फियानं बाहेर येऊन सांगितलं.

आता बाळावरून ओवाळणं सोपं असतं, पियानोवरून कसं ओवाळणार? मी मूठ बंद करून त्याच्याभोवती सात फेऱ्या मारल्या. शेपटाशी कूलर होता, तिथून दर वेळी पोट आत ओढून तिरकं जावं लागत होतं. तिसऱ्या फेरीला पदर कूलरच्या जाळीत अडकला. एरवी आम्ही दोघी हसून हसून लोळलो असतो. आई म्हणायची तेच म्हणत होते — इडा पिडा टळो, घरच्याची, दारच्याची, आल्याची, गेल्याची, शेजारणीची, पाजारणीची...

"पुढं?" शमीम म्हणाली.

"एवढंच आहे."

"नाही. एक राह्यली."

अल्फिया आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. मी मान खाली घातली. "मैत्रिणीची," म्हणाले. मग ते पुरेसं वाटलं नाही म्हणून आपल्या बोलीतच म्हणाले, "माही. माही नजर लागली असन तं जळून जाऊ दे." आणि रडायला लागले, मूठ तशीच बंद ठेवून.

स्वयंपाकघरात तवा तापवून ठेवला होता. खिडकी बंद. सातही मिरच्या मीठ-मोहरीसकट त्यावर टाकल्या. मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या पडल्या, धूर छताला गेला... आणि ठसका नाही! तिघींपैकी एकीलाही नाही. मी तव्यावर नाक नेलं, मुद्दाम दम भरून घेतला. काही नाही, जळका वाससुद्धा नाही. माझी केमिस्ट्री मला माहीत आहे हो, मिरची जळली की घसा धरतोच, त्याला श्रद्धा लागत नाही.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून गंधार वाजला. अल्फिया कधी उठून गेली ते कळलंच नव्हतं. मग रिषभ. मग पंचम. मग षड्ज, भरदार. आम्ही पाचव्याची वाट बघत राहिलो.

ठक.

अल्फियानं दहा वेळा दाबून बघितला. धैवत आला नाही.

पोरीची परीक्षा झाली, पास झाली, चांगल्या मार्कांनी. एक सूर मुका असला तर बोटं सांभाळून घेतात म्हणाली. माझा काळा पियानो आता झाकून ठेवलाय. त्यावर क्लासच्या वह्या असतात. पियानोचे विद्यार्थी मी शमीमकडे पाठवते, स्वतः पेटी शिकवते. ट्यूनरकाकांना मिरच्यांचं सांगितलं नाही. चार पट्ट्या आपोआप का सुरू झाल्या आणि पाचवी का नाही, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. माझ्याकडच्या पुस्तकांत तर नाहीच.

गुरुवारी मी अजून जाते. शमीम चहा टाकायला आत जाते तेव्हा मी हळूच तो धैवत दाबून बघते. ती आतूनच विचारते, "वाजला काय वं?"

"नाही गं," मी म्हणते. आणि दर वेळी, तो वाजला नाही म्हणून, मला आत कुठेतरी अजूनही बरं वाटतं.