खोडसाहेबांचा न लागणारा दिवा

आमचे मामा पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार पंखा समोर फिरायचा, मामा कान टवकारून ऐकायचे आणि पात्यावर लाल खडूने फुली मारून म्हणायचे, "नापास." का, ते कधी सांगायचे नाहीत. "खोड काढणं माझं काम, कारण शोधणं तुमचं," असा त्यांचा बाणा. कामगार पाठीमागे त्यांना खोडसाहेब म्हणत. हे मामांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांना ती पदवीच वाटली.

मामा निवृत्त झाले आणि तपासणी घरात सुरू झाली. पडदा एका अंगाला झुकतो, चहा काल जास्त उकळला होता, मामींच्या घोरण्यात सातत्य नाही. मामी वाचनालयात नोकरी करायच्या. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी एक खोका आणून मामांसमोर आपटला. आत इलेक्ट्रॉनिक्स शिकायचा संच होता. वर छापलं होतं, 'आठ वर्षांपुढील मुलांसाठी'.

"हे कशाला?" मामांनी विचारलं.

"तुम्ही आठच्या पुढचे आहात ना? मग करा काहीतरी. निदान हात तरी गुंततील. तोंडाचं पुढे बघू."

मामांनी आधी माहितीपत्रकातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मग ब्रेडबोर्ड, म्हणजे तारा खोचायची ती भोकाभोकांची पांढरी पाटी, उजेडात धरून पाहिली. कडेने एक लाल रेघ होती, ती मध्येच तुटलेली. "साधी रेघ सलग छापता येत नाही!" असं म्हणून मामांनी लाल पेन घेतलं आणि पट्टी लावून ती रेघ नीट जोडून टाकली. मी तिथेच होतो. मलाही ते योग्यच वाटलं.

पहिला प्रयोग अगदी सोपा. बॅटरी, बटण, वीज बेताने सोडणारा रेझिस्टर आणि एक छोटा एलईडी दिवा. बटण दाबायचं, दिवा लागायचा. मामांनी बटण दाबलं. दिवा ढिम्म. पुन्हा दाबलं, मग अंगठ्याने रेटलं, मग एकदा रागावून पाहिलं.

"दिवा नापास," मामांनी जाहीर केलं आणि संच बगलेत मारून दुकान गाठलं. मी मागोमाग.

दुकान चालवणाऱ्या बाई शांत होत्या. त्यांनी दिव्याचे पाय एका बटणसेलला टेकवले. लखकन उजेड.

"मग रेझिस्टर," मामा म्हणाले.

बाईंनी मीटर लावला. रेझिस्टर ठणठणीत. मग बटण झालं, तारा झाल्या, बॅटरीही झाली. मामा एकेकावर आरोप ठेवत होते आणि एकेक निर्दोष सुटत होता.

"काका, माल तर सगळा पास झाला," बाई म्हणाल्या. "आता राहिली जोडणी. ती कुणी केली?"

मामा छताकडे बघायला लागले. तिथला पंखा किंचित डुगडुगत होता, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच.

बाईंनी निघताना समजावलं, "दिव्याचा लांब पाय बॅटरीच्या अधिक बाजूला. तरी नाहीच लागला, तर दिवा आणि रेझिस्टर बॅटरीच्या अगदी जवळ लावा. तिथे लागला की एकेक भोक पुढे सरका. जिथे विझेल, तिथे खोट."

घरी येऊन पाहिलं, तर दिवा उलटाच खोचलेला. मामांनी सुलटा केला. तरी अंधार. मग ते बॅटरीपासून सुरुवात करून लाल रेघेच्या कडेने सरकू लागले. दिवा लागत होता, लागत होता, आणि नेमक्या मध्यावर विझला. मामांनी चष्मा पुसला. थुंकी लावून बोटाने रेघ घासली. पेनची शाई निघाली आणि खालून छपाईतली फट बाहेर आली. पाटीच्या आतली वीज नेणारी धातूची पट्टीच तिथे तुटक होती. बनवणाऱ्याने रेघ तोडून ते सांगितलं होतं, आणि मामांनी ते दुरुस्त केलं होतं.

"सापडली चूक," मामा पुटपुटले.

"कुणाची?" मामींनी आतून विचारलं.

मामांनी बोटाची शाई सदऱ्याला पुसली. "माझी," मामा म्हणाले.

मामी हातातलं काम टाकून बाहेर आल्या. ऐकण्यात काही गफलत झाली असेल, असं त्यांना वाटलं.

मामांनी फटीवरून तारेचा पूल टाकला आणि दिवा लागला. ते आनंदाने लालबुंद झाले. मग त्यांनी कारखान्यातल्या, पंखे जोडणाऱ्या एका जुन्या जोडाऱ्याला फोन लावला. याचे पंखे मामांनी सर्वांत जास्त नापास केले होते. "या हो एकदा घरी. मजा दाखवतो."

जोडारी आला, तो जरा घाबरतच. दोघांनी मिळून पुढचा प्रयोग मांडला, भोंग्याचा. भोंगा वाजेना.

"नापा..." मामांच्या तोंडून निघालंच.

"कारण सांगा, साहेब," जोडारी नम्रपणे म्हणाला. इतकी वर्षं हे वाक्य त्याने जपून ठेवलं असावं.

मामांनी खुर्ची पुढे ओढली आणि पाटीवर वाकले. जोडारी दुसऱ्या बाजूने वाकला. दोन टकलं एकमेकांवर आपटली, एक तार या भोकातून त्या भोकात गेली आणि भोंगा असा काही बोंबलला की शेजारच्या खिडक्या उघडल्या.

"झालं कौतुक!" मामी कानांवर हात ठेवून ओरडल्या. "आता बंद करा तो!"

दोघांनी एकदम माहितीपत्रकाकडे झेप घेतली.