आमचं घर पाहायला आलेली माणसं

घर विकायला काढलं की माणसं येतात, खोल्या पाहतात, पाणी पितात आणि जातात. घर तिथंच राहतं, पण प्रत्येक जण जाताना एखादा किस्सा मागे टाकून जातो. आमच्या धाड गावच्या घरात दिवाळीपासून असे इतके किस्से जमले, की वर्गात कधी तोंड न उघडणारी मीसुद्धा मधल्या सुट्टीत मैत्रिणींना ते सांगू लागले. त्या पोट धरून हसतात. मीही हसते.

घर विकायचं कारण साधं आहे. आई श्रावणात तापानं गेली. आठवीपासून मला बुलढाण्याला शिकवायचं, हे तिनंच ठरवलं होतं. बाबा शिंपी आहेत; गाव त्यांना मास्तर म्हणतं. मशीन कुठंही चालतं, असं ते म्हणतात. हे घर विकायचं, तिकडं दोन खोल्या घ्यायच्या. ठरलं ते एवढंच.

*

घर दाखवायचं काम नथ्थूजींकडे आलं. ते मूळचे बैलांचे दलाल. धाडच्या बाजारात त्यांच्या शब्दाशिवाय बैलजोडी हलत नाही. घराचा सौदा ते वर्षातून एखादाच करतात, पण पाहायची रीत तीच!

पहिल्या दिवशी ते आत आलेच नाहीत. घराला एक चक्कर मारली. बैलाच्या पाठीवर मारावी तशी भिंतीवर थाप मारली. मग उकिडवे बसून उंबऱ्याखाली पाहू लागले.

बाबा म्हणाले, "नथ्थूजी, काय पाहून राह्यले?"

"खोड! बैल असो का घर, खोड मालक सांगत नाही. आपल्यालेच शोधा लागते."

खूप शोधूनही खोड सापडली नाही. ते उठले, हात झटकले आणि म्हणाले, "मास्तर, भिंती धड, छपराच्या टिना धड, विहीर दारात. मंग विकून काऊन राह्यले?"

बाबांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "मालकीण नाही राह्यली."

नथ्थूजींनी टोपी काढून हातात घेतली आणि ते तसेच निघून गेले.

*

पहिलं गिऱ्हाईक फार शंकेखोर होतं. प्रत्येक भिंतीला नख लावून पाहायचं. "मातीच्या भिंती हायेत. किती टिकतीन?"

नथ्थूजी म्हणाले, "भाऊ, हे घर बांधलं तवा आपण नागपूरच्या राज्यात होतो. मंग मुंबईच्या राज्यात गेलो. आता महाराष्ट्र झाला. तीन राज्यं बदलली, पण या भिंतीले एक चीर नाही!"

गिऱ्हाईक बाहेर जाऊन पुन्हा एकदा भिंतीकडे आदरानं पाहून आलं. घेतलं मात्र नाही.

*

शेजारच्या अंबूकाकूंना वाटायचं, आपणही मास्तरांना मदत करावी. एक बाई घर पाहायला आली तर काकू तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"डोळे मिटून घ्या बाई हे घर! लई गुणाचं हाये. माह्या घरची साखर, तेल, पीठ, सगळं बारा महिने इथूनच येते!"

त्या बाईनं काकूंच्या दाराकडे पाहिलं, आमच्या दाराकडे पाहिलं, आणि दोन्हींमधलं अंतर मनातल्या मनात मोजलं. पुन्हा ती दिसली नाही.

काकू त्या दिवशी रात्र व्हायच्या आत वाटीभर साखर घेऊन आल्या. "तिची उसनी राह्यली होती," एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावून गेल्या. आई असती तर म्हणाली असती, "एक वाटी? दहा राह्यल्या!"

*

या किस्स्याला मैत्रिणी सगळ्यात जास्त हसतात.

देऊळघाटाकडचे एक शेतकरी आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आले. घराची परीक्षा म्हणजे झोप, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. "झोप लागली तर घर चांगलं." आणि खरंच, आमच्या ओसरीवर पसरले आणि घोरू लागले! बाकीचे सगळे घरामागची जागा पाहायला गेले.

म्हातारे मध्येच कुशीवर वळले आणि "पाणी" म्हणाले. घरात मी एकटीच. मी तांब्या नेला, त्यांच्या उशाशी ठेवला आणि आत पळाले. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

सगळे परत आले तर म्हातारे उठून बसलेले, घामानं डबडबलेले! "चाल रे, घरी चाल! मले आत्ता या घरची गेलेली बाई दिसली. हिरवं लुगडं. पाणी ठेवलं, बोलली नाही, अन् भिंतीत गेली!"

आईच्या हिरव्या लुगड्याचं परकर-पोलकं बाबांनी मला शिवलं होतं. तेच माझ्या अंगावर होतं.

नथ्थूजींना सगळं कळलं तेव्हा गिऱ्हाईक वेशीच्या बाहेर गेलं होतं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "सुमे, एक शब्द तं बोलाचा वं! 'घ्या आजोबा' म्हटलं असतं तं घर विकलं असतं!"

बाबा माझ्या परकराकडे पाहत होते.

मैत्रिणींना मी इथपर्यंतच सांगते. घर विकलं गेलं नाही म्हणून त्या रात्री मला गाढ झोप लागली, हे सांगत नाही.

*

मग आम्ही एसटीनं बुलढाण्याला घर पाहायला गेलो. नथ्थूजीही आले. "मास्तर भोळे हायेत, त्यायले कोणी म्हातारा बैल विकीन," असं त्यांचं म्हणणं.

तिथला दलाल पॅन्ट घालणारा होता. त्यानं आल्याआल्या सांगितलं, "दलाल नका म्हणू, एजंट म्हणा." खोल्यांना एकच खिडकी होती. तो म्हणाला, "थंडीचं गाव आहे, खिडक्या कमीच बऱ्या." विहीर लांब होती. तो म्हणाला, "दारात चिखल होत नाही." छत बुटकं होतं. "झाडायला सोपं!"

नथ्थूजींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग हात जोडून विचारलं, "एजंटसाहेब, इतकं सोन्यासारखं घर, तं तुम्हीच काऊन नाही घेत?"

"मी भाड्यानं राहतो," एजंट म्हणाला, "विकत घ्यायला घर पसंत तर पडलं पाहिजे!"

आम्ही सगळे हसलो. एजंटही हसला.

दुसरं घर मात्र चांगलं होतं. बाबांनी खिडकीजवळ मशीनची जागा ठरवली, चुलीची जागा ठरवली आणि मागे न पाहताच, आईला विचारायचे त्याच आवाजात म्हणाले, "काय वं, बरं हाये ना?"

मागे मी होते. नथ्थूजी बाहेर पाहू लागले.

"हो," मी म्हटलं.

*

शेवटी एकाच बाजारच्या दिवशी दोन गिऱ्हाइकं आली. एक कापसाचे व्यापारी. त्यांना गोदाम हवं होतं. मधली भिंत पाडायची, चूल काढायची, दार मोठं करायचं, असं ते उभ्याउभ्याच बोटानं दाखवत होते. दुसरे शाळेतले नवे गुरुजी आणि त्यांची बायको. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, आईच्या चुलीसमोर बसली आणि मला म्हणाली, "कोणी घातली वं ही? बाजूच्या वायलाले आच किती सोयीची हाये! मी तं अशीच ठेवीन."

नथ्थूजींनी बाजारातल्या रीतीनं सौदा लावला. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात उपरण्याखाली जातात आणि जितकी बोटं धरली तितका भाव. बाहेरच्याला फक्त कापड हललेलं दिसतं. त्या दिवशी एका बोटाचे तीनशे ठरले होते. व्यापाऱ्यानं पाच बोटं धरली, गुरुजींनी चार. नथ्थूजींनी ते बाबांच्या कानात सांगितलं. मी जवळच होते, मलाही ऐकू आलं.

पाच बोटांत बुलढाण्याचं ते घर येत होतं. चारमध्ये येत नव्हतं. मग तिकडं एकच भाड्याची खोली, आणि मशीन दुसऱ्याच्या ओसरीवर.

"बोला मास्तर," नथ्थूजी म्हणाले.

बाबांनी हात पुढे केला आणि परत घेतला. "तिच्या मायचं घर हाये. पोरीले विचारा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. व्यापारी हसले. "आता पोरी सौदे करतीन काय?" माझी जीभ टाळूला चिकटली.

नथ्थूजी माझ्यासमोर उकिडवे बसले. खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं. "बोलू नको, सुमे. इथं बोला लागत नाही. बोटं धर."

मी धरली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात सोडवून घेतला आणि पुन्हा पुढे केला. मी पुन्हा तितकीच धरली.

उपरण्याखालचा हात कोणी उघडा करत नाही. एवढ्या वर्षांत नथ्थूजींनी तो कधी केला नव्हता. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर, बाबांसमोर, उपरणं उचलून पाहिलं.

त्यांची चार बोटं माझ्या मुठीत होती. अंगठा बाहेर होता.